पांढरं टोपडं, काळं टोपडं

महाडच्या एका टीव्ही-मेकॅनिकवर अन्याय झाला. कधी? गेल्या वर्षी, गौरी-गणपती जाऊन आठवडा झाला होता, मंगळवार होता, दुपारचे साडेतीन वाजले होते. कुठे? वरंधच्या बाजूला एका वाडीतल्या शाळेत. कोणी केला? सकाळी आम्ही, म्हणजे वाडीच्या बाजूने लढणाऱ्या समितीने, दुपारी कंपनीने. आम्हाला मी आधी ठेवतोय, कारण पत्रक मी लिहिलं होतं.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते आधीच नको त्या कागदावर चढलंय. बाजारपेठेत सगळे त्याला चाचा म्हणायचे. दुरुस्त केलेला टीव्ही सुरू झाला की हा माणूस मागचं झाकण लावायच्या आधी घरातल्या बाईला पडद्यासमोर उभी करायचा आणि विचारायचा, "बातम्यावालीच्या गळ्यात मणी किती?"

"छान दिसतंय हो चाचा."

"छान नको. किती ते सांगा."

बाई डोळे बारीक करून मोजायची. अकरा म्हणाली की हा मान हलवून पुन्हा आत पेचकस घालायचा. चौदा म्हणाली की झाकण लागायचं. तुमच्याही घरी हे झालं असेल. आमच्या आईने एकदा कंटाळून, न मोजताच चौदा सांगितले. "वहिनी, आज तिच्या गळ्यात काहीच नाय," तो म्हणाला आणि पुन्हा स्क्रू फिरवायला बसला.

ही सवय त्याने आखातातून आणली होती. तिथे एका मोठ्या दुकानात त्याचं काम एकच, दोन टीव्ही शेजारी लावायचे आणि गिऱ्हाइकाला त्यांच्यातला फरक दाखवायचा. पुढे गुडघ्याने दगा दिला म्हणून परत आला, पण जुना मालक अजून बोलावत होता. बसून करायचं काम देतो म्हणत होता. पासपोर्टची मुदत संपत आली होती, तेवढी वाढवून घेतली की हा जाणार होता.

आता कंपनीचं. कंपनीला ती वाडी उठवून तिथे पाणी अडवायचं होतं. बदली जागा पोलादपूरच्या पलीकडे, कशेडीच्या अंगाला. पावसात तिथवर गाडी जात नाही, म्हणून नवी वसाहत यंत्रातून दाखवणार होते. डोक्यावर शिरस्त्राणासारखं काहीतरी चढवायचं, डोळ्यांसमोर दोन इवलेसे पडदे, संगणकाला वायर. मान फिरवाल तसं चित्र फिरतं. वाडीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याला टोपडं म्हणून टाकलं. टोपडं घालून बघायचं आणि संमतीच्या कागदावर अंगठा द्यायचा. माणसांना जागेवर न्यायला जीप नाही, पण यंत्र आणायला आहे. मला तिथेच संशयाचा वास आला.

आणि ती जीप तीन दिवस चाचाच्या दुकानासमोर उभी!

मी समोरच्या पानाच्या टपरीआड उभा राहून पाळत ठेवली. कंपनीचा साहेब आत जातोय, हा हसतोय, वायरींची भेंडोळी जीपमध्ये चढतायत. आमच्या समितीतले एकजण म्हणाले, "आखातातून आलेला माणूस, त्याला वाडीचं काय?" आणखीही काही म्हणाले. ते मी इथे लिहून मोठं करणार नाही, पण तेव्हा मी त्यांना गप्पही केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा दुकानातून ओरडला, "अरे ए, नजर ठेवायचीय ना? मग आत येऊन ठेव. ऊन लागंल." मी गेलो नाही. हा जास्तच हुशार आहे, असं मनात नोंदवून घेतलं.

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. 'वाडीचे दलाल ओळखा.' खाली चाचाचं दुकान, कुणालाही कळेल असं.

मंगळवारी सकाळी शाळेच्या दारात मी ते वाटत होतो. चाचा वायरी ओढत आला, एक घेतलं, हात लांब करून वाचलं. मी छाती पुढे काढून उभा. तो म्हणाला, "शाई फुटलेय. 'दलाल' नीट वाचताच येत नाय. कुठं छापलंस?" आणि घडी करून खिशात टाकलं. मला त्याचा निर्लज्जपणा वाटला.

टोपडी दोन होती. काळं जुनं, मोटारसायकलच्या हेल्मेटएवढं जड. पांढरं नवं, हलकं. पांढरं टेबलावर पाहुण्यांसाठी: सरपंच, हेडमास्तर, दवाखान्यातले डॉक्टर आणि असेच तालुक्याचे दोघे. काळं वाडीसाठी, रांगेने. पाहुण्यांनी पांढरं घालून "वा, वा" म्हटलं, टाळ्या झाल्या. मग वाडीची रांग सुरू झाली.

मधल्या वेळात चाचाने दोन्ही टोपडी घालून बघितली. काळं, पांढरं, परत काळं. चित्रातल्या एकाच घरासमोर उभं राहून. मी दारातून बघत होतो. म्हटलं, बघा, दलाल खेळणी खेळतोय.

तो साहेबाकडे गेला. "साहेब, काळ्यात चाळणीतून बघितल्यासारखं दिसतंय. मान आधी पोचते, चित्र मागनं येतं. पांढरं यांना द्या."

"ते पाहुण्यांसाठी आहे."

"पाहुणे जाणार काय तिथं ऱ्हायला?"

शाळा हसली. साहेब हसला नाही. "चाचा, तुमचं काम वायरींचं. वायरी बघा."

चाचाने एक क्षण वायरींकडे बघितलं. मग टेबलावरचं पांढरं टोपडं उचलून थेट वाडीतल्या, रांगेत पहिल्या असलेल्या भागाकाकीकडे गेला. काकीने नुकतंच काळं काढून ठेवलं होतं, केस चप्प बसले होते, अंगठ्याला शाई लागायचीच बाकी होती.

"काकी, कसं वाटलं?"

"ब्येस हाय. सगला हिरवागार."

"खिडकीला गज किती?"

"गज? आरे, मला खिडकीच ढेकणावानी दिसते."

त्याने पांढरं चढवलं, पट्टा सैल केला. "आता?"

काकीने बोट हवेत नाचवत मोजले. "सात."

"हां. आता मान वळव. घराच्या मागं बघ. छान हाय का नको सांगू, काय हाय ते सांग."

काकीने मान वळवली. हात पुढे करून काहीतरी चाचपायला लागली. पोरं खिदळली.

"धोंडं हायत," ती म्हणाली. "गोल धोंडं."

मी शहरातला. दारातूनच विचारलं, "गोल म्हणजे काय?"

"गोल म्हंजे पाण्यानं लोळवलेले! ह्यो ओहोळ हाय रे! आमाला ओहळाच्या तोंडात घरं देता काय?"

ती उठली, तशी वायर ताणली गेली, टेबलामागून पिन निघाली आणि संगणकाचा पडदा काळा झाला. साहेबाने पहिलं वाक्य उच्चारलं ते हे, "या माणसाने यंत्र बिघडवलं. ते चित्र खोटं होतं."

चित्र खोटं नव्हतं. कंपनीच्या संगणकवाल्याने मला तिथेच सांगितलं की मागचा डोंगर आणि दगड हे जागेवर जाऊन काढलेले फोटो आहेत, नुसते चिकटवलेत. काळ्यात ते कळत नाहीत एवढंच. तो संगणकवाला नंतर कुठे बदलून गेला, ते कंपनी सांगत नाही.

त्या दिवशी एकही अंगठा उठला नाही. वाडी आजही जागच्या जागी आहे. आम्ही विजयाचं पत्रक काढलं. त्यात चाचा नव्हता. सकाळच्या पत्रकाची माफीही नव्हती. मी विषय काढला तेव्हा समितीत म्हणाले, "आता कशाला उगाच गोंधळ?" आणि मी बसलो.

कंपनीने मात्र महाडच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली, यंत्राची खोडी करून लोकांना खोटं चित्र दाखवलं म्हणून. चौकशीला बोलावलं की चाचा जायचा, बाकावर बसायचा, परत यायचा. "यंत्र मोडणारा" म्हटल्यावर टीव्ही कोण देणार? आणि पासपोर्टचा अर्ज शेऱ्यासकट परत आला: तक्रार प्रलंबित. मी साक्ष द्यायला गेलो. टेबलापलीकडच्या माणसाने माझंच पत्रक पुढे सरकवलं. "सकाळी दलाल, दुपारी देवमाणूस. तुमचं नक्की कोणतं धरायचं?"

चाचाने दुकान सोडलं. गेल्या महिन्यात मी कशेडी उतरून खेडला गेलो, तर तो कुणाच्या तरी दुकानात मागच्या बाजूला स्टुलावर बसून काम करत होता. गुडघ्याला फडकं बांधलेलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "चहा घेशील?" मी त्याच्या बाजूने लिहिलेलं पत्रक दाखवलं. त्याने निम्मं वाचलं.

"शेकडो लोकांनी पाह्यलं, लिवलंयस. त्या खोलीत शेकडो मावतील काय?"

"चाचा, ते लिहायची पद्धत आहे."

"मला सोडून पांढरं पाच जणांनी घातलं. काकीला धरून सहा. काकीचा जबाब झाला. पाच ऱ्हायले." मग कागद परत देत म्हणाला, "तिकडं आखातात मालकानं जागा दिवाळीपर्यंत ठेवलेय." एवढंच. पेचकस उचलून तो परत कामाला लागला.

म्हणून हे पत्रक त्या पाचांसाठी. सरपंच, हेडमास्तर, डॉक्टर आणि तालुक्याचे तुम्ही दोघे. तुम्ही ते यंत्र चालू असताना डोळ्यांनी बघितलंत. येत्या गुरुवारी अकरा वाजता महाडच्या ठाण्यात या आणि यंत्र बिघडलेलं नव्हतं असं सहीनिशी लिहून द्या. आणि वाचणाऱ्यांनो, या पाचांपैकी एकजण तरी तुमच्या आळीत राहतो, तुमच्या मुलाला शिकवतो, नाहीतर तुमची नाडी बघतो. बुधवारी त्याच्या दारात जाऊन उभे राहा, आणि गुरुवारी त्याला घेऊन या.