मागून वळणारी गाडी

परवा भाचीच्या हळदीला वाटी माझ्यापुढं आली आणि त्या वासानं मी थेट सांगलीच्या हळदीच्या गोदामात जाऊन उभा राहिलो. तीसेक वर्षांपूर्वी मी तिथं मॅनेजर होतो. पोती उचलायला नवी फोर्कलिफ्ट आली तेव्हा आम्ही तिला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि कडेगावकडच्या एका ट्रॅक्टरवाल्याला तिच्यावर बसवलं. विकणारे म्हणाले होते, आमचा माणूस तीन दिवस येऊन चालवायला शिकवेल. हंगाम जोरात होता. "उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्याला काय शिकवायचं?" म्हणत मीच नको म्हणालो. आठवड्यातच एका दुपारी त्यानं थप्पीपाशी गाडी वळवली. ट्रॅक्टर पुढच्या चाकांवर वळतो, ही मागच्या. तिचा मागचा भाग झपकन बाजूला फिरला आणि तिथं पाणी पीत उभा असलेला म्हातारा हमाल भिंतीशी चिरडून जागीच गेला. पिवळ्या धुळीत त्याचा तांब्या बराच वेळ गडगडत राहिला. अपघाताच्या रिपोर्टात मी 'चालकाची चूक' असं लिहिलं. काम सोडून जाताना ट्रॅक्टरवाला माझ्या दारात थांबला. "सायेब, म्या म्होरंच बघत हुतो. ती मागनं वळती, ह्ये तुमाला तरी ठावं हुतं का?" मी नाही म्हणालो. "मंग तुमचा तरी काय दोष," म्हणत त्यानं हात जोडले आणि गेला. गाडीबरोबर आलेलं पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, आणि मागच्या चाकांचं ते पान मी अपघाताआधीच वाचलेलं होतं. परवा ती वाटी मी तशीच पुढं सरकवली.