जवळ्यावरून गेलेली सायकल

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि त्याच हिवाळ्यात भाट्याच्या खाडीच्या काठाने एक अरुंद डांबरी रस्ता झाला. तो फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. संध्याकाळी पेन्शनर मंडळी तिथे फिरायला येत, सकाळी आम्ही नोकरदार सायकली हाणत कामाला जात असू. बाजारातून गेलं तर दोन चढ लागत, इकडून एकही नाही.

साडी नेसून सायकल चालवणाऱ्या बायका तेव्हा रत्नागिरीत थोड्याच होत्या. एका सकाळी मी निऱ्या सांभाळत वळणावरून वेगात आले, तर समोर रस्ताभर जवळा वाळत घातलेला. ती बारीक कोलंबी चाकांखाली चुरचुरली तेव्हाच मला कळलं.

"अगो बाय, डोळे घरी ठेवून आलीस काय?" कडेला बसलेली पन्नाशीची एक मासेवाली उठून उभी राहिली.

"मावशी, हा रस्ता आहे. वाळवणाची जागा नव्हे."

"पुळणीवर घातला तर वाळू लागते. हे बघ कसं स्वच्छ हाय, नि तापतं पण बरं. तूच सांग, अशी जागा कोण सोडील?"

मी उतरले आणि तिच्यासोबत बसून चिरडलेला जवळा वेगळा काढू लागले. कचेरीत उशीर झाला, आणि साहेबांनी दोनदा नाक फेंदारून इकडेतिकडे पाहिलं. आमच्या घरी मासळी शिजत नसे. संध्याकाळी आईने मला दारातूनच न्हाणीघराकडे पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी मासेवालीने सायकल जाईल एवढी पट्टी मोकळी ठेवली होती. मग मी रोज घंटी वाजवायची, ती हात वर करायची. हळूहळू उतरून चार शब्द बोलायचीही सवय लागली.

एकदा तिने सीटवर हात ठेवून विचारलं, "मला येईल काय गो?"

मला हसू आलं. ती मात्र हसत नव्हती.

मग दर रविवारी, फिरणारे यायच्या आत आमची शिकवणी सुरू झाली. तिचा काष्टा माझ्या पाचवारीपेक्षा सायकलला कितीतरी सोयीचा होता. अडचण एवढीच, की ती सारखी हँडलकडे बघायची. दोनदा ती पडली, एकदा मला घेऊन पडली. चौथ्या रविवारी मात्र तीच ओरडली, "सोड गो! तू धरतेस म्हणून मी वाकडी जाते."

मी कॅरियर सोडलं. ती डुगडुगत निघाली, मग सरळ झाली आणि पार पुढच्या सुरूच्या झाडांपर्यंत गेली. उतरायचं कसं ते मी शिकवलंच नव्हतं, म्हणून झाडाला धरून थांबली. मी धावत पोचले तर तिचे डोळे भरलेले.

"डोक्यावर पाटी न्हाय नि पाय भुईला न्हाय," ती म्हणाली. "असं कधी झालंच नव्हतं गो."

दोन वर्षांनी माझी खेडला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा ती जवळा पालथा करत होती. गणपतीत मुंबईहून सून आली होती, तिला भाड्याची सायकल आणून शिकवली, असं तिने हात न थांबवता सांगितलं.

"मग, आली तिला?"

"येईल. जरा घाबरट हाय," ती म्हणाली आणि मला बसायला जागा करून दिली.