ऐनाची साल

डोकं फिरतं माझं ते ऐन बघितले की! पाली गावाच्या अलीकडे, आमच्या वाडीमागच्या उतारावर उभे आहेत, कमरेएवढ्या उंचीवर चहूबाजूंनी सोललेले. आणि हे करणारा माणूस रोज संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसून आम्हाला मुंबईच्या गोष्टी सांगतो.

ही ऐनाची झाडं कागदावर सखूकाकीची आणि तिच्या दिराची सामाईक, पण जीव लावला तो काकीनंच. ती माझी शेजारीण. तिच्या पडवीत हातमाग आहे, मी तिला धाग्याच्या कांड्या भरून देते. उभा धागा सुताचा, आडवा वाडीतल्याच केळीच्या खोडाच्या सोपातून काढलेला, आणि रंग ऐनाच्या सालीचा, तांबूस तपकिरी. कितीही धुवा, ढिम्म हलत नाही. मुंबईच्या एका दुकानात लोक तिच्या ओढण्या नाव घेऊन मागतात. नवरा गेल्यावर काकी उभी राहिली ती या रंगावर.

पण तिचा एक नेम होता. भातपेरणीआधी जमीन भाजायला, भाजावळीला, लोक कवळ तोडतात, म्हणजे बारीक फांद्या. त्या पडलेल्या फांद्यांचीच साल ती काढायची. खोडाला कधी कोयती लावली नाही. एकदा मीच म्हटलं, "काकी, बुंध्याची जाड असते, थोडी घेऊया की." केवढी उखडली माझ्यावर! "तुझी कातडी सोलू काय गो?"

यंदा दुकानानं मोठी मागणी केली. साल पुरेना. काकीनं सरळ कळवलं, पुढच्या कवळापर्यंत थांबा. हे तिच्या दिरानं ऐकलं. आत्माराम, मुंबईहून निवृत्त होऊन आलेला, जिथे तिथे अक्कल पाजळणारा. काकी माहेरी गुहागरला गेली होती. तेवढ्यात यानं परस्पर दुकानाला फोन करून सगळा माल देतो म्हणून सांगितलं, गडी लावले आणि निम्मे ऐन सोलून पोती भरली. काकी आल्यावर म्हणतो कसा, "वयनी, तुमचं काम हलकं केलं!"

अरे मेल्या! चहूबाजूंनी साल गेली की झाड उभ्या उभ्या वाळतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. काकी बुंध्यांना शेणमाती लिंपत फिरली. काही उपयोग झाला नाही, पानं करपली ती करपलीच. दुकानवाल्या बाई विचारतायत, पुढचा माल कधी? आणि आत्माराम उरलेल्या झाडांकडे बोट दाखवून म्हणतो, "सामाईक आहेत, माझाही हक्क आहे."

मी म्हटलं, काकी, तंगडं मोडूया त्याचं. ती मात्र उठली. देवळात जाऊन तिनं गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. अख्खी वाडी जमली, आत्मारामही आला. मला वाटलं, आता देवीसमोर याचं नाव घेते, आता याची चांगलीच जिरते. कसलं काय!

"आई," काकी म्हणाली, "ऐनाचा रंग मी आजपासून सोडला. मीच रंगवलं नाही तर सालीला कुणी विचारणार नाही. उरलेली झाडं तरी राख."

सगळी हयात घातली त्या रंगात, आणि सोडायचा तिनं! का? या नालायकाचा हात आवरत नाही म्हणून? माझ्या अंगाची नुसती लाही झाली. गुरवानं तिचं बोलणं देवीच्या कानावर घातलं आणि रीतीप्रमाणे सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

सगळ्यांत मोठ्यानं आत्माराम म्हणाला.