अर्ध्या तासाची नोंद

आमचे हे गिटारचे अँप्लिफायर दुरुस्त करत. नवे नव्हेत, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचे, जे चालू केले की आत नारिंगी उजेड पडतो. गिऱ्हाइकं तोंडावर त्यांना मास्तर म्हणत आणि पाठीमागे खिसेवाले. उघड्या अँप्लिफायरमध्ये ते फक्त उजव्या हाताने काम करत, डावा हात पँटच्या खिशात. प्लग काढल्यावरही आत जीव घेईल एवढी वीज साठून राहते, ती एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली तर वाटेत काळीज लागतं, असं ते सांगत. सवय अशी जडली होती, की आमच्या लग्नाच्या फोटोतही डावा हात खिशातच आहे. सासूबाई म्हणायच्या, "अरे, बायको आहे ती! शॉक नाही द्यायची."

व्हॉल्व्ह बदलणं कोणालाही जमेल. जुने उपटायचे, नवे बसवायचे. खरं काम त्यानंतर. एकाच नंबरच्या दोन जोड्या सारखी वीज खात नाहीत. "जुळ्या भावंडांची भूकसुद्धा वेगळी असते," हे म्हणायचे. म्हणून दर नव्या जोडीला एक बारीक स्क्रू फिरवून तिचा खुराक ठरवून द्यावा लागतो. त्याला बायस लावणं म्हणतात. खुराक कमी पडला तर आवाज कोरडा येतो, जास्त झाला तर व्हॉल्व्हमधला पत्रा लालबुंद होतो आणि सगळंच जळतं. शिवाय यंत्र तापलं की आकडा चढतो. म्हणून अर्धा तास चालू ठेवून मीटर पुन्हा बघायचा. हा अर्धा तास त्यांनी कोणाच्या बापासाठी कमी केला नाही. ते आकडा सांगत, मी कामाच्या वहीत लिहीत असे: लावताना किती, अर्ध्या तासाने किती.

लंबू हा त्यांचा जुना मित्र, हॉटेलात गिटार वाजवायचा. त्या संध्याकाळी एका जहाजावरच्या बँडसाठी त्याची परीक्षा होती. ह्यांनी दुपारी त्याच्या अँप्लिफायरला नवी जोडी बसवली, बायस पस्तीसवर लावला. पण तीनदा पुढे ढकललेली दाढ त्याच दिवशी उपटायची होती. चार वाजून दहा मिनिटांनी निघताना म्हणाले, "आत्ताच लावलाय, चार चाळीसला मीटर बघ. चाळीस ओलांडला तर बंद कर. त्याआधी लंबूला हात लावू देऊ नकोस."

लंबू दहाच मिनिटांत हजर. "वहिनी, खाली गाडी खोळंबलीय. मास्तरांचा अर्धा तास म्हणजे सासुरवाडीचा पाहुणचार, उठूच देत नाही माणसाला!"

मला हसू आलं. मीटर पाहिला, छत्तीस. दहा मिनिटांत एकच चढला, वीस मिनिटांत आणखी किती चढणार? मी अँप्लिफायर बंद करून दिला. वहीत मात्र लिहिलं, "४.४०, छत्तीस." रकाना अर्ध्या तासाचा होता, तो तसाच भरला.

हे परतले ते गालात कापूस कोंबून. बोलता येईना. रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. मी वही पुढे केली. त्यांनी आकडा वाचला, मान हलवली आणि आडवे झाले.

त्या संध्याकाळी परीक्षेत, दुसऱ्याच गाण्यात, लंबूच्या अँप्लिफायरमधून धूर निघाला. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्सफॉर्मर जळला, जहाजही गेलं. लंबू दोन दिवसांनी आला तेव्हा रागावला नाही. "मास्तर, जहाजाआधी धूर मीच सोडला," म्हणाला. हे हसले नाहीत. सकाळभर त्यांनी मीटर तीनदा तपासला होता. मग वही उघडली.

"मीटर बरोबर. वही तुझी, ती चुकणार नाही. मग राहिलो मी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओरडले असते, संध्याकाळी जेवले असते, झालं असतं. मी म्हणाले, "चहा टाकू का?"

त्यानंतर त्यांनी व्हॉल्व्हला हात लावला नाही. मिक्सर, इस्त्र्या, पंखे. कोणी अँप्लिफायर आणला तर म्हणायचे, "हात राहिला नाही आता." एकदा जेवताना सहज बोलले, "इस्त्रीचं बरं असतं. तिला बायस लागत नाही." अकरा वर्षं मी त्यांना इस्त्र्या उघडताना पाहिलं. डावा हात खिशातून बाहेर आला होता. इस्त्रीला दोन्ही हात चालतात.

त्या दिवसाचं खरं मी माझ्या डायरीत लिहिलं होतं. "४.२०, लंबू अँप्लिफायर घेऊन गेला." डायऱ्या त्यांच्याच टेबलामागच्या कपाटात असत, कुलूप कधीच नव्हतं. पण दुसऱ्याची डायरी वाचायची नाही, हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात लंबू भेटायला आला, काठी टेकत. मी डायरी आणि वही शेजारी शेजारी ठेवून दोन्ही पानं उघडली. त्याने चष्मा लावून दोनदा वाचली. मला वाटलं, जहाजाबद्दल बोलेल.

"घाई मीच केली होती, वहिनी. माझं सोडा," तो म्हणाला. मग ह्यांच्या टेबलाकडे बघत राहिला. "पण तुम्ही मास्तरांना एवढं तरी सांगायला हवं होतं, की हात चुकला नव्हता."

कॉन्व्हेंटच्या शाळेत मदरनी शिकवलं होतं, चूक खोडायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. लंबू गेल्यावर मी ४.४० वर तशी रेघ मारली, वर ४.२० लिहिलं, सही केली. वही पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवली, ती पूर्वी असे तिथेच, मीटरच्या उजवीकडे.