राजीखुशीचा कागद

त्यानं रिकामा कप माझ्यापुढे धरला. म्हणाला, "चाचा, दोन चहा. एक बिनसाखरेचा."

मी चहा द्यायला आलो नव्हतो. तो कर्ज देणाऱ्या कंपनीचा साहेब. त्याच्या कंपनीकडे माझं दापोलीकडचं घर गहाण, म्हणून त्यानंच मला फहाहीलच्या ऑफिसात बोलावलेलं. पण हात पुढे गेला. तीस वर्षं कुवेतच्या ऑफिसांत चहा दिलेला हात. मग कप टेबलावर ठेवला आणि नाव सांगितलं. तो हसला. शेजारच्या बाईला इंग्रजीत काही बोलला, तीही हसली. बसा म्हणाला नाही.

लढाई लागली तसं आमचं ऑफिस बंद. पगार बंद, विमानं बंद. हप्ते थकले. तिकडे त्या घरात माझी बीबी एकटी. मी इथं सबाह अल-सालेमच्या खोलीत. सहा खाटा, पाच रिकाम्या; बाकीचे विमानं बंद व्हायच्या आधीच गेले.

त्यानं कागद सरकवला. खाली बोट ठेवलं. "मुदत मिळेल हप्त्यांना. इथे सही. की अंगठा?"

आम्ही इथं असंच करत आलो. कागद अरबी. कंपनीची सरकारी कामं बघणारा मंदूब बोट ठेवतो, आम्ही सही ठोकतो. इकाम्याला, म्हणजे इथं राहायच्या परवान्याला, पगाराला, सुट्टीला. काय लिहिलंय विचारलं तर तो चिडतो. इथंही मी तसंच करीन, असं साहेबानं धरलेलं.

पण हा कागद मराठी होता. मी चौथी शिकलोय. अक्षराला अक्षर लावून वाचतो, पण वाचतो. उभ्यानंच मोठ्यानं वाचायला लागलो. तो म्हणाला, घरी नेऊन वाचा, आधी सही करा. मी थांबलो नाही. लिहिलं होतं, लढाईच्या कायद्यानं दिलेलं संरक्षण मी सोडतो. कोर्टाच्या परवानगीशिवाय घराचा ताबा घ्यायला माझी राजीखुशीनं संमती आहे.

दोनदा वाचलं. म्हणजे लढाई आहे तोवर कोर्टाला विचारल्याशिवाय यांना घराला हात लावता येत नाही. माझा हक्क मला यांच्याच कागदानं सांगितला.

मी म्हणालो, "कोर्टाचा हुकूम आणा."

"चाचा, कायद्यातलं काय कळतं तुम्हाला?"

"माझ्या सहीवाचून तुमचं अडलंय, एवढं कळलं."

सही न करता कागद खिशात घातला. खोलीवर येऊन बीबीला फोन लावला. सांगितलं, कोणी आला तर सही करू नको, किल्ली देऊ नको. ती बरं म्हणाली. मग विचारलं, "तुमी कवा येनार?"

विमानं सुरू झाली की, मी म्हणालो. तिनं फोन ठेवला.

कर्ज मी घेतलंय, ते मी फेडीन. घर राजीखुशीनं देणार नाही. त्यांनी कोर्टात जावं. मीही जाईन, आणि तिथं उभा राहून त्यांचा हा कागद पुन्हा मोठ्यानं वाचीन.