देवयानीबाईंचं बंद पडलेलं वाचन

सोलापुरातल्या निवृत्त शिक्षिका देवयानी अष्टपुत्रे अंध विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मोठ्यानं वाचत आणि ते रेकॉर्डिंग आपल्या चॅनेलवर टाकत. सहा वर्षं हे चाललं होतं. फोनमध्ये जागा नसायची, म्हणून मूळ रेकॉर्डिंग त्या पुसून टाकत.

एका प्रकाशकानं कॉपीराइटची तक्रार केली आणि चॅनेल बंद झालं. अंधांसाठी कायद्यात सूट आहे, असं बाईंनी चॅनेल बंद करणाऱ्या कंपनीला चारदा कळवलं. चारही वेळा तेच ठरावीक उत्तर आलं. मग त्यांनी सगळी हकिगत इंटरनेटवर लिहिली. आठवडाभर वाद पेटला. कुणी त्यांना चोर म्हणालं, कुणी कायदाच मोडीत काढायला निघालं. मुलांचं काय, हे कुणीच विचारलं नाही.

त्यांचं वाचन ऐकून अभ्यास करणाऱ्या मोडनिंबच्या अंध जोतीरामचा फोन आला. "बाई, कायदा आपल्या बाजूनं हाय म्हणता की. मग धडे कवा ऐकू येतील?"

"माझं लिहिलेलं तिकडं माणूस वाचतच नसावा रे."

त्याची परीक्षा अकरा दिवसांवर होती. बाई त्याला रोज फोनवर वाचून दाखवू लागल्या, पण पाचव्या दिवशी घसा बसला. पुस्तक अर्धंही झालं नाही. जोतीराम नापास झाला. बाकीच्या मुलांचे फोन बाई आता उचलत नाहीत.