उसनी गोळी

माझा नवरा आयुष्यभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता, हे त्यांनी मला एक दिवस विसरू दिलेलं नाही. कारखान्याच्या बरखेड्यातल्या क्वार्टरमध्ये आमच्या डाळींच्या डब्यांनाही नंबर होते. निवृत्तीनंतर हबीबगंजला फ्लॅट घेतला (स्टेशनचं नाव बदललं, आमच्या तोंडातलं नाही), तर देवघराच्या आधी तिथे रॅक आलं.

दोन वर्षांपूर्वी यांच्या हृदयात स्टेंट बसवला. बरे झाल्यावर डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, हळूहळू पहाडही चढा. पण रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवससुद्धा चुकवू नका. मी त्यातला ‘पहाड’ तेवढा पकडला. नातेवाइकांची लग्नं आणि इंदूरचं सासर, एवढाच आमचा जन्माचा प्रवास. आता पाठीवर सॅक टाकून हिमाचलात जायचं, बसने आणि पायी, असं मी जाहीर केलं. शेजारीण म्हणाली, “भाभी, इस उमर में?” मी म्हटलं, “तो और किस उमर में?”

सामान अर्थातच यांनी भरलं. एका सॅकमध्ये दोघांचे कपडे, दुसरीत दोघांची औषधं, कागदपत्रं आणि खाणं. “एका जातीचा माल एका जागी,” हे त्यांचं तत्त्व. चार गोळ्या माझ्या पर्समध्ये राहू द्या म्हटलं, तर म्हणाले, “मग काही सापडत नाही.” गाडीची वेळ झाली होती, म्हणून मी तोंड आवरलं. एरवी आवरत नाही.

पहिले चार दिवस सुखाचे गेले. बस वळणं घ्यायची, मी आवळ्याची सुपारी चघळायची आणि हे मला दऱ्या दाखवायचे. जिथे आवडेल तिथे उतरून आम्ही तासभर चालायचो. हा माणूस आयसीयूच्या काचेपलीकडे मी पाहिला होता. आता तो पुढे चालत होता आणि मागे वळून “येतेस ना?” विचारत होता. मला आणखी काही नको होतं.

पाचव्या दिवशी दुपारी एका फाट्यावर उतरलो. सामान बसच्या टपावर होतं. सॅकला बांधलेली सतरंजीची वळकटी वाटेत सुटून वेगळी झाली होती. कंडक्टरने वरून एक सॅक दिली, मग वळकटी दिली. यांनी मोजलं, “दोन नग, बरोबर,” आणि ड्रायव्हरला जायची खूण केली. बस गेल्यावर सॅक उघडली, तर आत नुसते कपडे.

फाट्यावरच्या चहावाल्याने कंडक्टरला फोन लावला. सॅक बसमध्येच होती, पण बस परत येणार दुसऱ्या दिवशी दुपारी. औषधाचं दुकान बस गेली त्याच गावात, आणि तिकडे जायला तोवर काही नाही. यांची गोळी संध्याकाळी सातची.

वर तासाभराच्या चढावर एक बाई वाटसरूंना दोन खोल्या द्यायची, तिथे आमची सोय होती. तो सगळा चढ मी यांना बोलत चढले. “जन्मभर नग मोजलेत आणि स्वतःचा जीव तेवढा मोजायचा राहिला!” त्यांचा चेहरा पाहून मी जास्तच घाबरले, आणि घाबरले की मला रागच येतो.

बाई माझ्याच वयाची. आमची जुंपलेली ऐकून तिने विचारलं, “कौन सी गोली?” यांनी नाव सांगितलं. ती आत गेली आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. “मेरे घरवाले की है. देख लो.” यांनी चष्मा लावला. नाव तेच, ताकद तीच. मग गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत दोनदा वाचली. अजून चार महिने होती.

मी म्हटलं, “उनको कम पड़ जाएगी.”

“नहीं पड़ेगी,” ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

घरवाले, म्हणजे तिचे यजमान, वरच्या कुरणात गुरं घेऊन गेले असतील, असं आम्ही धरून चाललो. यांनी गोळी घेतली. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी खाली जाऊन सॅक आणली. कंडक्टरने ती स्वतःच्या दोरीने नीट बांधून आणली होती. घरात पाऊल टाकताच यांनी आपल्या पाकिटातली एक गोळी काढून बाईसमोर धरली. स्टोअरमधून उसना घेतलेला माल परत जातो, हा नियम.

ती हसली. “किसको दूँ, भाई साहब? वो तो माघ में चले गए.”

हे हात तसाच धरून उभे राहिले. मीच म्हटलं, जरा तिखटपणानेच, “कल क्यों नहीं बताया, दीदी?”

“बता देती तो आप खाने देतीं?”

नसती दिली. गेलेल्या माणसाची गोळी माझ्या नवऱ्याच्या तोंडात? शकुन-अपशकुनापायी मी यांना रात्रभर तसंच ठेवलं असतं, आणि वर स्वतःला शहाणी समजले असते. तिने मला तासाभरात ओळखलं होतं. माझा माणूस सुखरूप राहावा म्हणून तिचा माणूस तिने एक रात्र जिवंत ठेवला. मी वाकून तिच्या पाया पडले. बरोबरीच्या वयाची ती, “अरे, ये क्या,” म्हणत मागे सरकली. तरी मी पडले.